राखाडी मातीचे डोहाळे

१

दुपारी एक ते तीन आमच्या बालवाडीत 'शांत तास' असतो. म्हणायला तास, असतात दोन. रशियनांच्या काळात कुणीतरी ठरवलं, तेव्हापासून तसंच चालू आहे. चोवीस पोरं, चोवीस लोखंडी खाटा, खिडक्यांना तपकिरी पडदे. हातपाय धुवायचे, रव्याची खीर पोटात ढकलायची आणि सगळ्यांना आडवं करायचं. मग मी दाराशी खुर्ची टाकून नोंदवही भरत बसायची. मी तिथली नर्स, अनारकुल. पोरं मला एजे म्हणतात, म्हणजे ताई. कुणाचा घोळणा फुटला, कुणाचे केस विंचरताना पुंजक्याने हातात आले, कुणाचं वजन तिथेच अडकलं, हे सगळं माझ्या वहीत. साय-बाशीसारख्या गावात ती वही कधी कोरी राहत नाही.

माझी मुलगी बेगीमाय त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर झोपायची. वय पाच, पण परका माणूस तीनच म्हणेल. ओठ असे पांढरे की बाकीची पोरं तिला दुधाची मिशी पुसायला सांगायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पालेभाजी नीट न धुता चिरली की दाताखाली येते ना, तशी कचकच. आधी वाटलं एखाद्या कार्ट्याने अंगणातली माती खिशात भरून आणली असणार. आमची पोरं माती खातात, त्यात नवल काही नाही. रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते, हे मी ओश शहरात नर्सिंगच्या शाळेत चार वर्षं शिकले आणि इथे अकरा वर्षं पाहते आहे. उठले, बॅटरी घेतली, चमच्याच्या दांड्याने एकेकाचं तोंड उघडून पाहिलं.

चोवीसही तोंडं रिकामी होती. जिभा स्वच्छ, गाल स्वच्छ. पण जबडे हलत होते, आणि सगळे एका लयीत.

मी "शूऽ" केलं. जबडे थांबले, सगळे एकदम. मला हायसं वाटलं. खुर्चीवर येऊन बसले, पेन उचललं, आणि मग लक्षात आलं की कचकच थांबलेली नाही.

२

"जंत," स्वयंपाकीण बुर्मा एजे म्हणाली. "झोपेत दात खाणारं पोर म्हणजे जंत. एवढी शिकून तुला हे मी सांगायचं?"

"चोवीसांना एकाच वेळी?"

"जंतांनीही शांत तास पाळायला नको का?" ती पातेलं घासता घासता हसली. "मी एवढं लोणी घालून खीर करते, ती कार्टी तोंड फिरवतात. आणि अंगणात कोपऱ्यात बसून माती मटामटा खातात. उद्यापासून मातीच वाढते, वर थोडी साखर."

मी सगळ्यांना जंताचं औषध दिलं. वाळूच्या हौदातली माती उपसून नदीची वाळू टाकायला लावली. हौदातली माती शेपटाची होती.

शेपूट म्हणजे गावाच्या वरचा ढिगारा. कारखाना डोंगरातून काहीतरी काढायचा. काय काढायचा ते माझ्या सासऱ्यांना बत्तीस वर्षं तिथे राबूनही कुणी सांगितलं नाही. दगड दळून, धुऊन, हवं ते घेतल्यावर जी राखाडी माती उरायची ती ओढ्याकाठी ओतत. कागदोपत्रीसुद्धा तिचं नाव 'शेपूट'च होतं. पुढे कारखाना गेला, कामगार गेले, दिवे गेले, शेपूट तेवढं राहिलं. भोवतीच्या कुंपणाची तार गंजली. माती मैद्यासारखी मऊ, तिच्यात एक खडा सापडायचा नाही. कुणी घर लिंपलं, कुणी चूल घातली, बालवाडीने हौद भरला. अधूनमधून राजधानीहून माणसं टकटक वाजणारी पेटी घेऊन येतात, कागदावर लिहितात, आमच्याकडे चहा पितात आणि जातात. आम्हीही त्यांना ताजी रोटी वाढतो.

त्याच आठवड्यात बेगीमायच्या रक्ताचा कागद आला. हिमोग्लोबिन बहात्तर, आमच्याकडे लिटरमागे ग्रॅममध्ये मोजतात. एकशेदहाच्या खाली आम्ही काळजी करतो, ऐंशीच्या खाली धावपळ. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"लोहाच्या गोळ्या देतेस?"

"दोन वर्षं झाली."

"मग गोळ्यांचा दोष नाही. हिला तिथून बाहेर काढ, अनारकुल. या उन्हाळ्यातच. पुढच्या वर्षी मला विचारायला येऊ नकोस."

नवरा मेदेरबेक रशियात बांधकामावर. मार्चमध्ये नव्या वर्षाच्या सणाला पंधरा दिवस आला आणि परत गेला. माझी थोरली बहीण झूराकान बिश्केकमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर. तिला फोन केला तर ती म्हणाली, "इतकी वर्षं काय अंडी उबवत होतीस? आण पोरीला." जूनच्या पहिल्या रविवारी निघायचं ठरलं. तीन आठवडे उरले होते. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले, आणि प्रत्येक दिवस मला त्या शांत तासाइतका लांब वाटायला लागला.

३

खळगा मला घरी अंथरूण उचलताना दिसला.

बेगीमायच्या उशीजवळ, भिंतीत, बशीएवढा. काठ गुळगुळीत, आतला भाग ओला. बकऱ्यांना मिठाचा दगड टांगला की जसा झिजतो तसा झिजलेला. ती भिंत मेदेरबेकने लग्नाच्या वर्षी स्वतः लिंपली होती. राखाडी गिलाव्यावरून हात फिरवून म्हणाला होता, "बघ, रेशीम." मलाही तेव्हा कौतुक वाटलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मी नाही," बेगीमाय म्हणाली.

"मग भिंतीने स्वतःला चाटलं?"

तिने जरा विचार केला. खोटं बोलताना ती नाक खाजवते; आता खाजवत नव्हती. ती मला आपा म्हणते, म्हणजे आई. "आपा, मी थोडीशीच खाते. बाकीची तिला हवी असते."

"कुणाला?"

"जिला डोहाळे लागलेत तिला."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, मीच रडले.

४

सासूबाई अंगणात ताक घुसळत होत्या. आम्ही सगळे त्यांना एने म्हणतो. आमच्याकडे सून सासूला उलटून बोलत नाही. मान खाली घालून गप्प उभी राहिली की तो होकार धरतात. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिले नाही.

"पाच वर्षांच्या पोरीला डोहाळे हा शब्द कुणी शिकवला?"

"शिकवायला काय, ती शाळा आहे?" एने म्हणाल्या. "तुझ्या वेळचं विचारत होती, मी सांगितलं. तुला माती हवी असायची ना?"

हवी असायची. बेगीमाय पोटात असताना मला रोटी नको, मांस नको, सफरचंद नको; शेपटाची राखाडी माती हवी असायची, पाऊस पडून गेल्यावर जिला वास येतो ती. आमच्या लोकांत पोटुशीचे डोहाळे नाकारणं म्हणजे घराला बट्टा. नाकारले तर पोर जन्मभर तोंड उघडं टाकून फिरतं म्हणतात. बायकांसाठी माणसं दोन डोंगर ओलांडून कुणाच्या घोडीचं दूध आणतात. एने रोज बादली घेऊन तारेखालून वाकून जायच्या, ढेकळं आणायच्या, भट्टीत भाजायच्या आणि वाडग्यात, वर पांढरं फडकं झाकून, माझ्यापुढे ठेवायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सासू असावी तर अशी. मी शिकलेली, मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि मी खात होते. नऊ महिने, वाडगा चाटूनपुसून.

"तेव्हा मला अडवायचं होतंत," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला.

"अडवायचं? तू पहिलटकरीण, आणि मी अडवायचं?" त्या खरंच दुखावल्या. "अगं वेडे, बाई खाते असं आपल्याला दिसतं. हवं असतं ते आतल्याला. आपण नुसतं तोंड."

मी खळग्यात सिमेंट भरलं, वर मेणकापड ठोकलं, आणि त्याच्यावर भांड्यांचं कपाट सरकवलं. बेगीमायला माझ्या अंथरुणात घेतलं, तिचा हात माझ्या मनगटाला रुमालाने बांधून. चार दिवसांनी कपाटामागे केर काढायला गेले. मेणकापड जसंच्या तसं, खिळे जागच्या जागी. त्याला मधोमध ओल आली होती. कापड उचललं तर सिमेंट नव्हतं. खळगा पुन्हा होता, आता परातीएवढा, आणि वर सरकलेला.

ओल, मी स्वतःला सांगितलं. गिलाव्यात क्षार असतात, ओलीने सिमेंट धरत नाही, उंदीरही चाटतात. कारणं हवी तेवढी होती. आत हात घातला. भिंतीची बाहेरची बाजू उत्तरेला, तिथे मे महिन्यातही ऊन पोचत नाही. आतून ती अंगाएवढी गरम होती.

५

मुख्याध्यापिकेने रजेचा अर्ज बाजूला सारला. "नर्स नाही तर बालवाडीला कुलूप. बदली मिळेपर्यंत थांब."

"माझ्या पोरीचं रक्त थांबत नाही."

"सगळ्यांच्याच पोरांचं रक्त आहे, अनारकुल," ती म्हणाली. ते खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. ती वाईट बाई नाही. तिचा नातू सातव्या नंबरच्या खाटेवर झोपतो.

दुपारी मी नेहमीसारखी दाराशी बसले. पडद्यातून तपकिरी उजेड, कुणाचं तरी घोरणं, बाहेर बुर्मा एजेच्या भांड्यांचा खणखणाट. औषध देऊन पंधरा दिवस झाले होते. जबडे आता हलत नव्हते, एकाचाही नाही, पण कचकच तशीच चालू होती. आणि तेव्हा मला हात दिसले.

प्रत्येक पोराचा एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि तळवा जमिनीला टेकला होता. चोवीस हात. झोपेत पडलेला हात सैल असतो, बोटं वळलेली असतात. हे तळवे सपाट होते, बोटं पसरलेली. ज्यांच्या खाटा उंच होत्या ती पोरं कडेला आली होती, पण पडली नव्हती. बेगीमाय तर अर्धी बाहेर होती.

मी धावत जाऊन तिला उचलायला हवं होतं. मी काय केलं, तर खुर्चीवरून उतरले, गुडघ्यांवर बसले आणि माझा तळवा जमिनीला लावला.

लिनोलियमखाली काहीतरी सरकलं. धक्का नव्हता, भूकंप आम्हाला नवा नाही, तो कसा येतो ते मला ठाऊक आहे. हे एका जागी, खालून वर टेकलं, माझ्या तळव्याइतक्याच जागेत, आणि कूस बदलावी तसं डावीकडे गेलं. बेगीमाय पोटात असताना मी मेदेरबेकचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला होता. तेव्हा तो जसा दचकला, तशीच मी दचकले.

"काय गं, नमाज पढतेस?" बुर्मा एजे दारात उभी होती.

"खाली काय आहे, एजे? या खोलीच्या खाली?"

"काय असणार? खाणीचे बोगदे. माझा म्हातारा सांगायचा, अर्धं गाव पोकळीवर उभं आहे. खचत असेल." ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुझा चेहरा बघ. जाऊन पड जरा. आणि जायचं तर जा बाई लवकर, त्या मुख्याध्यापिकेला मी बघते."

बोगदे. मी तो शब्द घट्ट धरून ठेवला. बोगदे खचतात, जमीन हलते, दगडावर दगड घासला की कचकच होते. सगळं बसत होतं. फक्त बेगीमायला उचलताना तिचा तळवा जमिनीवरून निघेना. मला ओढावा लागला.

६

रविवारची वाट पाहिली नाही. शुक्रवारी सकाळी दोन पिशव्या आणि पोरगी घेऊन गाडीत बसले. एनेंनी अडवलं नाही. बेगीमायचे दोन्ही गाल हुंगले, तिच्या खिशात वाळलेल्या ताकाच्या गोळ्या भरल्या आणि मला म्हणाल्या, "पोचलीस की कळव." मला त्यांचीही दया आली. एवढ्या मोठ्या घरात एकट्या.

खिंडीच्या आधी दरड कोसळली होती. यंत्र येईपर्यंत दीड तास गाडी उभी. डाव्या हाताला शेपटाचा शेवटचा उतार रस्त्यापर्यंत आलेला. बेगीमाय खिडकीला नाक लावून बसली.

"आपा, एकदाच. एक चिमूट."

"नाही."

"तिला सांगून येते. लगेच येते."

"कुणाला काही सांगायचं नाही." मी तिचे दोन्ही हात माझ्या मुठीत धरले. ती चावली. माझ्या मनगटावर अजून खूण आहे. मग तिचा घोळणा फुटला आणि माझी ओढणी लाल झाली. ड्रायव्हर आरशातून ओरडला, "ताई, सीट! सीट खराब होतेय!" मी म्हटलं, "तुझी सीट धुऊन देईन, पण दार उघडशील तर याद राख." दीड तासात मी दहा वर्षांनी म्हातारी झाले. यंत्राने रस्ता मोकळा केला, गाडी खिंडीपलीकडे उतरली, आणि बेगीमाय माझ्या मांडीवर झोपली. तिचा हात सैल होता, बोटं वळलेली.

७

बिश्केकमध्ये चौथ्या मजल्यावर माती नसते. खिडकीखाली डांबर आणि फरशा, पलीकडे बसचा थांबा. झूराकान सकाळी लिव्हर परतायची, दुपारी डाळिंबाचा रस काढायची, आणि माझ्या पोरीला म्हणायची, "खा गं उंदरे, तुला मी म्हैस करून सोडते." तिसऱ्या आठवड्यात रक्ताचा कागद आला: अठ्ठ्याण्णव. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडले, इतकी की एका अनोळखी म्हाताऱ्याने मला पाणी आणून दिलं. बेगीमायचे ओठ गुलाबी झाले होते. ती जिन्यात धावायची, शेजारच्या मुलींशी भांडायची. एकदा मी मुद्दाम विचारलं, "तुला साय-बाशीची आठवण येते?" तर म्हणाली, "कशाला? तिथे आइसक्रीम नाही." आम्ही सुटलो होतो. त्या चार-पाच दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही.

मग मला ओकाऱ्या सुरू झाल्या.

मेदेरबेक आला होता ते मार्चचे पंधरा दिवस. मी नर्स, दुसऱ्यांच्या तारखा मोजते, आणि स्वतःच्या विसरले. धावपळीत पाळी चुकली असेल म्हणून सोडून दिलं होतं. झूराकान आनंदाने नाचलीच. "सांग, काय हवंय? तुझी सासू इथे नाही म्हणून डोहाळे राहायला नकोत. घोडीचं दूध आणू? आंबट जर्दाळू?" तिने सगळं आणलं. मी कशालाच हात लावेना, तेव्हा ओळखून हसली आणि बाजारातून भाजक्या पांढऱ्या मातीची पुडी घेऊन आली. सगळ्या पोटुश्या बायका चघळतात तीच. मी एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. ती माती मेलेली होती. याहून नीट मला सांगता येत नाही.

मी स्वतःला पुस्तकातलं सगळं समजावलं. लोह कमी, म्हणून इच्छा. दोनाच्या चार गोळ्या घेतल्या. इच्छा गेली नाही. जेवताना, जिन्यात, बेगीमायची वेणी घालताना दाताखाली ती मऊ राखाडी कचकच यायची आणि तोंडाला पाणी सुटायचं. आणि एनेंचं वाक्य डोक्यातून जाईना. हवं असतं ते आतल्याला.

"कामाच्या कागदावर सही राहिली," मी झूराकानला म्हणाले. "एक दिवस. आज रात्री निघते, परवा सकाळी परत."

"मी येऊ?" बेगीमायने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तेव्हा तो शब्द तोंडातून सहज निघाला.

८

दुपारी पोचले. गावात शांत तासाची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. मी बालवाडीकडे वळलेच नाही. घराचं दार उघडं होतं आणि एने उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. माझ्या कमरेकडे पाहिलं, "बरं झालं" म्हणाल्या आणि आत जायला वाट दिली.

बेगीमायच्या खोलीतलं कपाट कुणीतरी बाजूला केलं होतं. भिंतीशी गादी घातली होती, पाठीला लोड. मी तिथे बसले आणि माझं तोंड खळग्यासमोर आलं. मी उभी राहिले असते तर तो मांडीशी आला असता, बेगीमाय उभी राहिली असती तर तिच्या छातीशी. मी बसल्यावर जेवढी होते, बरोबर तेवढ्या उंचीवर तो होता. काठ ओले होते. या घरात महिनाभर एक म्हातारी सोडून कुणी नव्हतं, आणि त्या म्हातारीच्या तोंडात एक दात धड नव्हता.

मी आत पाहिलं. खळगा खोल गेला होता, भिंतीच्या जाडीपेक्षा खोल. बाहेरच्या बाजूने मी येतानाच पाहिलं होतं, तिथे साधी तडसुद्धा नव्हती. आत अंधार, आणि पाऊस पडून गेल्यावरचा तो वास. मग गिलावा हलला. सातव्या महिन्यात पोटाची कातडी एका बाजूला उचलली जाते, आतून टाच सरकते आणि पुन्हा सपाट होतं, तशी ती भिंत हळूच फुगली, सरकली आणि बसली. लगेच माझ्या पोटातही तसंच झालं. जेमतेम तीन महिने भरले होते. तीन महिन्यांत असं काही हलत नाही, हे मी बायकांना रोज सांगत आले आहे.

मी उठून पळाले नाही. बूट दाराशी होते, पिशवीत परतीचं तिकीट होतं, गाडी चारला होती. हे सगळं मला स्पष्ट आठवत होतं. मी पुढे वाकले.

किती वेळ गेला माहीत नाही. फोन वाजत होता. तो एनेंनी उचलला, माझ्या कानाशी धरायला आणला, माझ्याकडे पाहिलं, आणि मधेच, दोघींना ऐकू येईल असा धरला.

"आपा?" बेगीमायचा आवाज खणखणीत होता, ताज्या रक्ताचा. "आपा, सही झाली? मावशी विचारतेय कधी येतेस."

माझं तोंड भरलेलं होतं. गालापर्यंत भरलेलं, आणि जीभ त्याच्याखाली अडकली होती. थुंकायचं, एवढंच करायचं होतं. मी थुंकण्यासाठी ओठ उघडले आणि गिळलं.

"आपा, बोलत का नाहीस? मग मी येऊ तिकडे? मावशी म्हणते शनिवारी तिच्या ओळखीची गाडी आहे. येऊ का?"

नाही म्हणायचं होतं. एकच शब्द. नाही तर मान तरी हलवायची होती. मी खळग्यापासून तोंड काढू शकले नाही, आणि कपाळ भिंतीला टेकलेलं, मान खाली, तशीच गप्प राहिले. एनेंनी थोडा वेळ वाट पाहिली. चांगली सून कशी उत्तर देते हे त्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं.

"आपा जेवतेय, बाळा," त्या फोनमध्ये मायेने म्हणाल्या. "ये तू. हो म्हणतेय ती."